आत्याच्या वर्गात आमची गाडी

आमची गाडी तीन वर्षांची झाली आणि थेट चौथीत बसली. वर्गशिक्षिका लीलाआत्या.

लीलाआत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण, वय वर्षं एक्क्याऐंशी. रत्नागिरीतल्या शाळेत तिने पस्तीस वर्षं चौथीचा वर्ग सांभाळला. त्यातल्या एका वर्षी त्या वर्गात मीही होतो. (ते वर्ष ती कधी विसरेल याची मी अजून वाट पाहतोय.)

गाडी ऑटोमॅटिक. क्लच नाही, गिअर आपोआप बदलतात, डाव्या पायाला आराम. हे झालं जाहिरातीतलं. प्रत्यक्षात पहिल्यावरून दुसऱ्या गिअरवर जाताना ती क्षणभर विचारात पडायची आणि मग कुणीतरी मागून ढकलल्यासारखी उडी मारायची. आत बसलेल्या सगळ्यांच्या माना एकदम पुढे जायच्या आणि मागे यायच्या. माझी बायको मीना पाहुण्यांना सांगायची, "ह्यांच्या गाडीत बसलं की ह्यांचं सगळं पटायला लागतं. मान हलतच असते."

तेवढंही मी चालवून घेतलं असतं. पण गेल्या वर्षी खीर सांडली.

आमचं कुलदैवत वेळणेश्वर. वर्षातून एकदा आम्ही सगळे तिथे अभिषेकाला जातो आणि नैवेद्याची खीर घरून नेतो. नारळाच्या दुधातली, आत्याने सोवळ्यात केलेली, पितळी तपेलीत, वर केळीचं पान बांधलेली. झाकणाचा डबा आत्याला मंजूर नाही. देवापुढे ठेवेपर्यंत तपेली खाली टेकवायची नाही, म्हणून ती मांडीवर धरायची. आणि घरातली जुनी पद्धत अशी, की खीर जो नेईल तोच अभिषेकाला बसेल. पूर्वी ती डोक्यावरून चालत नेत. आता गाडीतून नेतात, पण मान तोच.

गेल्या वर्षी तो मान माझा होता. जयगडला खाडी ओलांडायच्या बोटीवर गाडी चढवायच्या आधी एक छोटासा चढ लागतो. तिथे दुसरा गिअर पडला आणि देवाच्या आधी आत्याच्या नव्या कोऱ्या इरकलीला नैवेद्य दाखवला गेला. आत्याने पदर पिळत एकच वाक्य उच्चारलं, "पुढच्या वर्षी खीर बंड्याच्या गाडीतून जाईल."

बंड्यादादा हा माझा चुलतभाऊ. त्याची गाडी पंधरा वर्षांची, हाताने गिअर टाकायची, खिडक्या हाताने फिरवायची. पण धक्का म्हणून नाही. त्यानंतर वर्षभर कुठल्याही लग्नामुंजीत मी वाढायला उभा राहिलो, की पंगतीतून त्याचा आवाज यायचा, "नंदू, पातळ पदार्थ दुसऱ्या कुणाकडे दे रे." माझं वय बावन्न. डोक्यावर केस मोजके. उरलेल्या अब्रूची काळजी घ्यायलाच हवी होती.

म्हणून मी हातखंब्याच्या बाजूला असलेलं सर्व्हिस सेंटर गाठलं. तिथल्या मयेकर मॅडमनी गाडी फिरवून आणली, स्वतःची मान एकदा चोळली आणि सांगितलं की यात यंत्र बिघडलेलं नाही. गिअर कधी बदलायचे ते ठरवणारं सॉफ्टवेअर जुनं आहे. नवीन आलंय, ते टाकू. चाळीस मिनिटं लॅपटॉप गाडीला जोडून ठेवायचा. तोवर कशालाही हात लावायचा नाही.

"आणि काका, नंतरचे पन्नास किलोमीटर जरा सावकाश चालवा," त्या म्हणाल्या. "तुम्ही कशी चालवता त्यावरून गाडी शिकते."

लॅपटॉप जोडून मॅडम काउंटरवर गेल्या. मी गाडीपाशी उभा राहिलो. तसाच उभा राहिलो असतो तर हे सगळं लिहायची वेळ आली नसती!

पण आमच्याकडे नवीन वस्तूला हळदकुंकू लावल्याशिवाय ती वापरत नाहीत. फ्रिज आला, फ्रिजला लावलं. इन्व्हर्टर आला, इन्व्हर्टरला लावलं. निघताना आत्याने माझ्या खिशात पुडी घातलीच होती. आता प्रश्न असा, की सॉफ्टवेअरला कुंकू लावायचं कुठे? आधी मी लॅपटॉपच्या कोपऱ्याला कुंकवाचं बोट टेकवलं. मग वाटलं, हा तर सर्व्हिस सेंटरचा. आपलं जे काही येतंय ते गाडीत उतरतंय. म्हणून दार उघडलं, वाकलो, गिअरच्या दांड्याला हळद लावली, कुंकू लावलं, मनोभावे हात जोडले आणि उठताना गुडघ्यात वायर अडकून सुटली.

मी ती ताबडतोब होती तिथे खोचली. पण पडद्यावर बत्तीसपर्यंत आलेला आकडा गेला होता आणि पहिलं पान दिसत होतं. काउंटरवर गर्दी. मॅडमनी तिथूनच विचारलं, "झालं का हो काका?"

मी म्हटलं, "झालं." इतक्या ठाम आवाजात मी लग्नातही होकार दिला नव्हता. मॅडमनी येऊन वायर काढली. (लॅपटॉपवरचं कुंकू त्यांनी पाहिलं. पण त्याबद्दल एक शब्द विचारला नाही. बाई इथल्याच.)

घरी येऊन मी मोठ्या उत्साहात जाहीर केलं, की गाडी आता शिकणार आहे. आत्याने वाचत असलेलं वर्तमानपत्र खाली ठेवलं.

"शिकते?"

"हो. चालवणाऱ्याकडून."

"म्हणजे तुझ्याकडून?" आत्याने चष्मा काढला. "मेल्या, मग ती शिकणार काय?"

मीनाला हसू आवरेना, ती आत निघून गेली. आत्याने मात्र मामला गंभीरपणे घेतला. पस्तीस वर्षांचा अनुभव असताना घरातलं एक शिकाऊ यंत्र माझ्या हाती सोपवणं तिला पटणारं नव्हतं. तिने ठरवलं, पन्नास किलोमीटर ती स्वतः शिकवेल. मी फक्त स्टिअरिंग धरायचं. गाडी पास झाली तर खीर तिच्यातून जाईल, नाहीतर बंड्या आहेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळा भरली. अभ्यासक्रम रत्नागिरी ते हातखंबा आणि परत, असा दोनदा. आत्या पुढच्या सीटवर. मांडीवर तीच तपेली, काठोकाठ पाणी भरलेली. उजव्या हातात शाळेतली लाकडी फूटपट्टी. (ती अजून घरात आहे हे मला माहीत नव्हतं. माझ्या हातांनी मात्र ओळखली.)

गाडी निघाली, दुसरा गिअर पडला, धक्का बसला, पाणी सांडलं. आत्याने डॅशबोर्डवर पट्टी मारली. गाडीला काही वाटलेलं दिसलं नाही. पुन्हा धक्का, पुन्हा पट्टी, पुन्हा तेच. तेव्हा आत्याच्या लक्षात आलं की प्लॅस्टिकला लागत नाही. पुढची पट्टी माझ्या गुडघ्यावर बसली.

"आई गं! मला का?"

"तू तिचा पालक ना?"

गाडीच्या वाटचा मार मी खाऊ लागलो. इंजिनाचा आवाज चढला, की आत्याला कळायचं आता गिअर बदलणार. पट्टी वर जायची. पट्टी वर गेली की मी दचकायचो. पण गंमत म्हणजे हळूहळू पाणी सांडेनासं झालं. वाटेतल्या कुवारबावपर्यंत तपेली निम्मी झाली होती. हातखंब्याला पुन्हा भरली, ती रत्नागिरीत आली तेव्हा जेमतेम चार थेंब कमी. दुसऱ्या फेरीत पट्टी नुसती उचलली तरी गाडी लोण्यासारखी चालत होती.

"बघ," आत्या म्हणाली. "धाक असला की सगळे शिकतात."

अभिषेकाच्या दिवशी तपेली आमच्या गाडीत आली. मागून बंड्यादादा, त्याच्या गाडीत. गडी एवढ्या खात्रीने निघाला होता, की अभिषेकाला नेसायचं रेशमी सोवळं घरूनच नेसून गाडी चालवत होता. जयगडच्या चढाशी त्याने गाडी लावली, खाली उतरला आणि हाताची घडी घालून पाहत उभा राहिला.

मी घामाघूम. मागच्या सीटवर मीनाने डोळे मिटून घेतलेले. आत्याने दोन्ही हातांनी तपेली धरलेली, म्हणजे पट्टी पर्समध्ये. इंजिनाचा आवाज चढला. आता पडणार दुसरा गिअर! माझा गुडघा पट्टीच्या आठवणीनेच दचकला आणि गाडी बोटीवर अशी अलगद चढली, की केळीच्या पानावरची माशीसुद्धा उडाली नाही.

अभिषेकाला मी बसलो. बंड्यादादा सोवळ्यातच सगळ्यांच्या चपला सांभाळत बाहेर बसला. त्याने प्रसादाची खीर दोनदा मागून घेतली, पण मला काही बोलला नाही. वर्षभराचं सगळं भरून निघालं.

परत आल्यावर मॅडमना प्रसाद द्यायला सर्व्हिस सेंटरला गेलो. आत्या गाडीतच बसली. मॅडमनी सहज म्हणून लॅपटॉप जोडला, कपाळाला आठ्या घातल्या आणि मला बाजूला बोलावलं.

"काका, यात तर जुनंच सॉफ्टवेअर आहे. नवीन गेलंच नाही. बत्तीस टक्क्यांवर थांबलंय."

मी लांबूनच गिअरच्या दांड्यावरच्या कुंकवाकडे पाहिलं. मग हळू आवाजात त्यांना सगळं सांगितलं. वायरीचं, तपेलीचं, पट्टीचं. त्या तोंडावर रुमाल धरून ऐकत होत्या.

"पट्टी उचलली की तुम्ही काय करता?"

"दचकतो. पाय उचलला जातो."

"अहो, गिअर बदलताना पाय उचलला की धक्का बसतच नाही. गाडीत काही सुधारलेलं नाही, काका. सुधारलात तुम्ही." त्यांनी डोळे पुसले. "बरं, आता टाकू का नवीन? पुन्हा पन्नास किलोमीटर सावकाश चालवावी लागेल."

माझे दोन्ही गुडघे एकदम म्हणाले, नको.

मी गाडीत येऊन बसलो. आत्याने विचारलं, "काय म्हणाल्या बाई?"

"म्हणाल्या, चांगली तयार झालीय."

"होणारच." आत्याने पदर सावरला. "माझ्या हाताखालून एकेक दगड पास होऊन गेले. गाडीसुद्धा शिकली." मग माझ्याकडे बघून तिने सुस्कारा सोडला. "तूच तेवढा राहिलास."

मी गाडी सुरू केली. दुसरा गिअर पडायच्या वेळी माझा पाय आपोआप उचलला गेला. आत्याने हात पुढे केला आणि डॅशबोर्ड थोपटला.

"शाबास," ती गाडीला म्हणाली.