छातीला न लावलेला हात

माझ्या मुलीची छाती पूने भरत होती आणि दुर्गच्या त्या डॉक्टरने तिला हात लावला नाही. हे मी आजही माफ केलेलं नाही.

आम्ही नागपूरकडून नवेच आलो होतो. मुलीचे बाबा भिलाईत पोलाद कारखान्याच्या बांधकामावर लागले होते. मुलीला गोवर निघाला, तो ओसरला, पण ताप हटेना. चार वर्षांची पोर एकाच कुशीवर निजायची, श्वास घेताना नाकपुड्या फुगायच्या. दुर्गला नेली. डॉक्टरने आधी जात विचारली.

"बौद्ध," तिचे बाबा म्हणाले.

"म्हणजे आधीची कोणती?" डॉक्टरने विचारलं.

आधीची जात ऐकल्यावर त्याने टेबलापलीकडूनच जीभ पाहिली आणि खोकल्याचं औषध दिलं. पुन्हा गेलो, पुन्हा तेच.

ओठ निळे पडले तेव्हा भिलाईच्या दवाखान्यात पळालो. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पोरीची पाठ उघडी केली, पाठीवर बोट ठेवून त्यावर दुसऱ्या बोटाने ठोकत वरून खाली आल्या. एका बाजूला पोकळ आवाज, दुसरी बाजू भरल्या पोत्यासारखी. एक्स-रेत ती बाजू पांढरी दिसली. सुई घातली तर पू आला.

"निमोनियाचा पू फुफ्फुसाबाहेर साठलाय," त्या म्हणाल्या. "नुसत्या इंजेक्शनांनी भागणार नाही. लवकर आणायला हवं होतं."

बरगड्यांमधून नळी घालून खाटेखालच्या बाटलीत सोडली. पेनिसिलिनची सुई टोचली की पोर किंचाळायची. मी तिचे हात धरून मनात त्या माणसाला शिव्या देत होते.

पोर वाचली. चालायला लागताच तिला घेऊन मी दुर्गच्या त्या डॉक्टरच्या दवाखान्यात गेले. बाकावर बाया लेकरं घेऊन बसल्या होत्या. मी पोरीचा फ्रॉक वर केला, नळीचा वण दाखवला.

"डॉक्टरसाहेब, आता तरी हात लावा."

"बाहेर व्हा," तो म्हणाला.

मी बाहेर झाले आणि दारातच उभी राहिले. येणाऱ्या प्रत्येक बाईला तो वण दाखवला. दोघी परत गेल्या. मग दर बाजाराच्या दिवशी जाऊ लागले.

"पोरगी बरी झाली न, आता सोड," तिचे बाबा म्हणाले.

"मेली असती तं त्याले सोडलं असतं का?"

त्याचा दवाखाना काही बंद पडला नाही. पण एकदा आमच्यातल्याच एका मजुराच्या लेकराला तो तपासत होता. दारात मी दिसले. त्याने तपासायची नळी कानाला लावली, लेकराच्या उघड्या पाठीवर हात ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. माझा राग तसूभरही उतरला नाही. पुढच्या बाजारालाही मी गेले.