फुळकवणीचा रंग

एका सकाळी शर्ट घालायला घेताना बाबांनी मला विचारलं, "ह्यो निळो की काळो गो?"

हा प्रश्न विचारणाऱ्या माणसाने गिरणीच्या रंगखात्यात वीस-पंचवीस वर्षं कापड रंगवलं होतं. मालवणातून निघाले ते थेट त्या वाफेतच शिरले. एकाच निळ्याच्या दहा छटा ते लांबून ओळखायचे. आईबरोबर साडी घ्यायला गेले की दुकानातल्या ट्यूबखाली रंग बघायला साफ नकार. साडी उचलून भर रस्त्यात उन्हात धरायचे आणि दुकानदार मागे धावायचा. तेच बाबा आता माझ्या मुलुंडच्या घरात शर्ट नाकाशी धरून मला रंग विचारत होते.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. ऑपरेशन म्हणे अगदी सोपं, सकाळी जा, दुपारी घरी या. पण डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी रक्ताचा रिपोर्ट बघितला आणि फाइल मिटली. "साखर फार आहे, आजोबा. आधी ती खाली आणा. तीन महिन्यांनी नवा रिपोर्ट घेऊन या, मग तारीख देते." घरी आल्यावर बाबा खुर्चीत बसले आणि म्हणाले, "रवांदे आता. माका बघूचा तरी काय उरला हा?"

मला एवढा राग आला की सांगता सोय नाही. मी जात्याच तापट. लोक रागावले की अबोला धरतात, मी रागावले की डबे घासायला घेते. त्या दिवशी साखरेचा डबा घासला आणि रिकामाच फळीवर ठेवला.

बाकी खाण्यापिण्यात बाबांनी कधी कटकट केली नाही. भात अर्ध्यावर आला, आंबा एका फोडीवर आला, तरी हूं की चूं नाही. अडलं होतं ते चहाशी. दिवसातून सहा कप आणि प्रत्येकात दोन चमचे साखर. पाळी बदलली की चहा, ही गिरणीतली सवय. गिरणी गेली, मग साकीनाक्याच्या वर्कशॉपात लागले, तेही सुटलं, पण बाबांचं शरीर अजून पाळीवरच होतं.

शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "अगं, गूळ घाल ना. गूळ चालतो त्यांना." मला कोण आनंद झाला. आठवडाभर गुळाचा चहा झाला, बाबाही खूश. मग आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना मी हे मोठ्या ऐटीत सांगितलं, तर ते म्हणाले, "गूळ, मध, खडीसाखर, सगळी एकाच घरची भावंडं. कपडे तेवढे वेगळे." वहिनींशी मी दोन दिवस बोलले नाही. कारण त्यांना अजून माहीत नाही.

मग साखरेऐवजी घालायच्या गोळ्या आणल्या. आता आपल्याकडे चहा करत नाहीत, चहा टाकतात. पाणी, साखर, पावडर, आलं, सगळं एका पातेल्यात टाकायचं आणि रटरटू द्यायचं. मी तसंच केलं. साखरेच्या जागी दोन गोळ्या टाकल्या आणि छान उकळी काढली. बाबांनी एक घोट घेतला.

"ह्यात काय घातलंस?"

"गोडाच्या गोळ्या."

"खंय गेल्यो त्यो?"

खरंच, गोडीचा पत्ता नव्हता. दुसऱ्या दिवशी चार टाकल्या, तरी तेच. मी तडक मेडिकलवाल्याकडे गेले, डबी काउंटरवर आपटली आणि विचारलं, नकली माल विकता काय? दुकानात चार माणसं उभी होती. त्याने शांतपणे विचारलं, "ताई, उकळल्या काय?" मी मान डोलावली. "ह्या उकळायच्या नसतात. उकळल्या की गोडी जाते. चहा गाळायचा, मग गोळी कपात टाकायची." मी डबी उचलली आणि निघाले. आवाज इतका चढवून ठेवला होता की तो खाली आणायला जागाच उरली नव्हती.

गोळी कपात टाकून चहा दिला, तर बाबा म्हणाले, जिभेवर मागाहून काहीतरी राहतं. म्हणून स्टेव्हियाची, म्हणजे एका गोड पानाची, पावडर आणली. "ह्येका ज्येष्ठमधाचो वास येता," बाबा म्हणाले. भजनातले बुवा घशासाठी चघळतात तो ज्येष्ठमध. चूक माझीच होती, मी साखरेसारखी चमचाभर घातली होती. अशी घातली की तिचा काढा होतो, चिमूटभर घातली तर गोड लागते. चिमटीवर आले आणि सकाळच्या दुधाच्या चहाचा प्रश्न सुटला. बाबा त्या कपाला काही बोलेनासे झाले, म्हणजे तो पास झाला. पण सकाळी एकदा चालते तीच पावडर उरलेल्या पाच कपांत त्यांना नको होती.

त्याच आठवड्यात मुंग्यांनी चुगली केली. बाबांच्या कपाटाच्या फटीतून त्यांची रांग लागली होती. आत रुमालात बांधलेली साखर सापडली. मी तो रुमाल त्यांच्या मांडीवर ठेवला. ओरडणार होते, पण रडूच आलं. रडता रडता म्हटलं, "बाबा, तुम्हाला तुमचे डोळे नको असतील. मला पाहिजेत." त्यांनी रुमालाची गाठ बोटांनी चाचपली, सोडली नाही, आणि रुमाल तसाच मला परत दिला.

त्या पाच कपांसाठी ऑफिसातल्या मैत्रिणीने ग्रीन टीचं पाकीट दिलं. आणि मी शहाणी, गोळ्यांवरून काडीचंही शिकले नव्हते. चहा पातेल्यात टाकला, सवयीने आलं ठेचून घातलं, रटरटवला.

"हेका चाय म्हणतत?" बाबा म्हणाले. "ही तर फुळकवणी. आणि वर कडू."

फुळकवणी, म्हणजे पाणचट चहा, ही आमच्या घरात शिवी आहे. लग्न जुळवताना एका घरी फुळकवणी मिळाली, एवढ्यावर आजीने ते स्थळ नाकारलं होतं. मी पत्ती कमी केली तर नुसतं गरम पाणी, वाढवली तर काडेचिराईत. पाकिटावर लिहिलं होतं, पाणी ऐंशी अंशांचं हवं. माझ्या घरात थर्मामीटर एकच, तोही तापाचा. हे मी वैतागून मोठ्याने बोलले.

बाबा खुर्चीतून म्हणाले, "पण उकाळतंस कित्याक? रंग उकळत्यात टाकलो तर सूत फुकट जाता."

मग ते उठले आणि भिंत धरत धरत ओट्याशी आले. रंगखात्यात वाफ एवढी असायची की स्वतःचा हात दिसत नसे. पाणी कुठवर तापलं ते कानाने ओळखावं लागे. "पाणी आधी गाता, मगे गप रवता, मगे बोंबलता," ते म्हणाले. "गाता तेव्हाच गॅस बंद कर." आणि पातेल्याकडे कान करून उभे राहिले. त्या ओट्यावर मी वीस वर्षं चहा टाकतेय, पण पाण्याचा तो बारीक सूं आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

"आता," बाबा म्हणाले.

मी गॅस बंद केला, कपाला एक चमचा पत्ती घातली, वर झाकण ठेवलं. बाबा मनात वेळ मोजत होते. थोड्या वेळाने म्हणाले, "गाळ." गाळल्यावर विचारलं, "रंग कसो इलो?"

"फिका पिवळा. जरासा पोपटी."

"तांबूस नाय मा?"

"नाही."

"मगे बरो. तांबूस झालो म्हणजे रंग फुडे गेलो. फुडे गेलेलो रंग मागे येणा नाय."

कापड टाकीत जास्त वेळ राहून गडद झालं की रंगखात्यात असं म्हणत, रंग पुढे गेला. मी घोट घेतला. कडू अजिबात नव्हता. ओल्या गवताचा वास होता आणि मागाहून जिभेवर किंचित गोडवा, आणि त्यात मी काहीसुद्धा घातलं नव्हतं. बाबांनी कप रिकामा करून पुढे केला आणि म्हणाले, "घाल अजून."

झकास. त्या दिवसापासून सकाळनंतरचे पाचही चहा बाबांच्या ताब्यात गेले. त्यांचा कान आणि माझे डोळे. कधी दोन मिनिटं ठेवून बघ, कधी तीन, कधी गवती चहाची एक पात टाक. वहिनी आल्या की बाबाच म्हणायचे, "फुळकवणी घेतल्याशिवाय जाऊचा नाय." ज्या शब्दाने स्थळ मोडलं होतं, तो आता आग्रहाचा झाला होता. ग्रीन टीने साखर उतरते असं मी म्हणणार नाही, ते म्हणणारे पुष्कळ आहेत. सहाही कपांतली साखर पोटात जायची थांबली, म्हणून उतरली.

तीन महिन्यांनी डॉक्टरीणबाईंनी नवा रिपोर्ट वाचला आणि म्हणाल्या, "छान. पुढच्या मंगळवारी डावा डोळा करून टाकू."

माझ्या तोंडून निघून गेलं, "तुमच्या तोंडात साखर पडो."

बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. बाबा म्हणाले, "त्येंका कित्याक गो ह्या भानगडीत घालतंस?" आणि आम्ही तिघंही इतकं हसलो की बाहेर बसलेले पेशंट डोकावून गेले.

मंगळवारी ऑपरेशन झालं. बुधवारी पट्टी काढली, काळा चष्मा दिला आणि आम्ही घरी आलो. दिसतंय का, हे विचारायची माझी छाती होईना. बाबाही आपणहून काही बोलेनात. मी पाणी ठेवलं, ते गायलं तेव्हा बंद केलं, पत्ती घातली, आणि नेमका नवऱ्याचा फोन आला. बोलता बोलता गाळायचं राहून गेलं. घाईघाईने गाळून कप बाबांच्या हातात दिला.

एरवी ते विचारायचे, कसो इलो. आज विचारलं नाही. उठले, भिंत न धरता खिडकीशी गेले, चष्मा कपाळावर सरकवला आणि कप उन्हात धरला, आईची साडी धरायचे तसा.

"रंग फुडे गेलो गो," म्हणाले. "तांबूस झालो."

इतक्या आनंदाने मी जन्मात कोणाची बोलणी खाल्ली नव्हती. आधी चष्मा खाली करा म्हणून त्यांच्यावर ओरडले, मग डोळे पुसले, पातेलं विसळलं आणि पुन्हा पाणी ठेवलं.