आम्ही सतरावे

स्वयंपाकघराच्या दारामागे एक पिशवी असते आणि त्या पिशवीत घरातल्या सगळ्या पिशव्या कोंबलेल्या असतात. कोणी मुद्दाम साठवत नाही, तरी साठतात. आमच्या शनिवारच्या कंपूचे किस्से तसेच साठले आहेत. एक ओढायला जावं तर मागून चार बाहेर येतात. आता हात घातलाच आहे, तर घ्या!

जागा नागपूरच्या इतवारीतली. दिलीपभाऊंचं स्टीलच्या भांड्यांचं दुकान, दुकानाच्या वर गोडाऊन, त्याला लागूनच त्यांचं घर. गोडाऊनमध्ये गंज-पातेल्यांच्या थप्प्या आणि त्यांच्या मधोमध एक भला मोठा टीव्ही. तो घेतला होता क्रिकेटसाठी. एका शनिवारी क्रिकेट पावसानं धुऊन गेलं म्हणून भाऊंनी चॅनल बदललं, तर इंग्लंडची फुटबॉल लीग लागली. एक क्लब चार गोल खाऊन बसला होता आणि त्याचे प्रेक्षक उभे राहून गात होते!

शेजारी काकाजी बसले होते. काकाजी म्हणजे दिलीपभाऊंच्या गल्लीतले, पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले. काकी गेल्यापासून घरात एकटेच, म्हणून संध्याकाळी इथं येऊन टेकायचे. टीव्हीकडे पाहत म्हणाले, "हे हरून राहिले अन् गाऊन राहिले! दिलीप, हे आपले लोक आहेत गा."

झालं. तेव्हापासून तो आमचा क्लब. नाव सांगत नाही. सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, "हा कोणता?"

*

आता मुद्दा नीट समजून घ्या, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. त्या लीगमध्ये वीस टीम. सीझन संपला की तळातल्या तीन टीम खालच्या डिव्हिजनमध्ये. म्हणजे सतरावा नंबर आला तर वाचलो, अठरावा आला की गेलो. मोठे क्लब कप जिंकायला खेळतात. आमचा क्लब सतरावा यायला खेळतो.

काकाजींचा मुलगा नीलेश पुण्याला असतो. त्याला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. दर शनिवारी नेमका मॅचच्या वेळी फोन, "बाबा, इकडे या ना, एकटे काहून राहता?" काकाजींना कमी ऐकू येतं म्हणून फोन कायम स्पीकरवर, त्यामुळे आम्हालाही सगळं पाठ. गेल्या सीझनच्या सुरुवातीला काकाजी एकदा भडकलेच. आम्हा सगळ्यांसमोर म्हणाले, "हे पाह्य नीलेश, या सीझनले आमची टीम खाली गेली, तर मी पुण्याले येतो. नाही गेली, तर हा विषय पुन्हा काढायचा नाही. शब्द!"

तिकडून नीलेश म्हणाला, "खाली म्हणजे कुठं, बाबा?"

काकाजींचा शब्द म्हणजे काय, ते सांगतो. काकी एकदा रागात म्हणाल्या होत्या, "उद्यापासून तुमच्या चहात साखर बंद." काकाजी म्हणाले, "बंद तर बंद." काकींचा राग संध्याकाळपर्यंत उतरला, पण हा माणूस आजही फिका चहा पितो! त्यामुळे आम्हाला घामच फुटला. काकाजी नसले तर कसला शनिवार? टीमला वाचवणं आता आमचंच काम होतं.

*

टीमला वाचवायचं म्हणजे नागपुरात बसून काय करणार? जे जमेल ते. एकदा दिलीपभाऊंच्या घरून सुनंदावहिनी, म्हणजे त्यांची बायको, तर्री-पोहे घेऊन आल्या आणि त्याच क्षणी आमचा गोल झाला. मग काय, दर मॅचला तर्री-पोहे! तीन-चार मॅच बरं चाललं. मग एका शनिवारी पोहे आले आणि गोल समोरच्यांचा झाला.

दिलीपभाऊंनी एक चमचा तर्री जिभेवर ठेवली, डोळे मिटले. "सुनंदा, मिरची कोणती टाकली वं आज?"

"भिवापूरची संपली ना. घरात होती ती टाकली."

"तरीच!" भाऊ ओरडले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्कूटर काढून खरोखर भिवापूरला गेले. पोतंभर मिरची आणली. पुढच्या मॅचला गोडाऊनमध्ये सगळे शिंकत होते, डोळ्यांतून पाणी, आणि टीम हरली तीन-शून्य!

वहिनी म्हणाल्या, "आता देठं काढायची की ठेवायची, तेही तुमच्या मॅनेजरले विचारून घ्या!"

*

मॅनेजरवरून आठवलं. दसऱ्यानंतर आमच्या क्लबनं मॅनेजरला काढलं. मी कळमेश्वरहून कारखान्याच्या बसनं येताना मोबाईलवर वाचलं आणि गोडाऊनमध्ये शिरल्या शिरल्या सांगितलं. काकाजींना मोठाच धक्का बसला. सरकारी नोकरी केलेला माणूस तो.

"काढलं? डायरेक्ट?"

"हो, काकाजी. पाच मॅच हरला ना."

"अरे बाप्पा! नोटीस नाही, चौकशी नाही... बदली तरी करायची होती!" मग हळूच विचारलं, "दिवाळीच्या तोंडावर काढलं. बोनस तरी दिला का गा त्याले?"

*

दिलीपभाऊ भांड्यांवर नावं स्वतः टाकतात. ते घुर्रर्र करणारं छोटं मशीन असतं ना, ते. लग्नसराईत काम इतकं की मॅच बघता बघता मशीन चालू. एकदा आहेराच्या ताटांची ऑर्डर होती. सगळ्या ताटांवर 'चि. अमोल आणि चि. सौ. कां. स्नेहल' असं सुबक टाकून झालं. दोन दिवसांनी नवरीचे मामा एक ताट घेऊन दुकानात हजर! ताटावर ठळक अक्षरांत कोरलं होतं, 'ऑफसाइड होता'.

मामा लालबुंद. "अहो, पाहुण्यांत चर्चा होऊन राहिली! आमच्या लग्नात ऑफसाइड कोण होता, सांगा!"

दिलीपभाऊंनी माफी मागावी की नाही? हा माणूस काउंटरवर हात आपटून म्हणाला, "त्यांचा नऊ नंबर होता, मामा! साफ दिसून राहिलं होतं, तरी गोल दिला!"

*

हिवाळ्यातली गोष्ट. संध्याकाळची मॅच, बरोबरी चाललेली, शेवटची मिनिटं, आणि खाली गल्लीत एका वरातीचा बँड असा वाजत होता की कॉमेंटरी ऐकूच येईना. तेवढ्यात आमचा गोल! आम्ही जिना उतरून कधी खाली आलो ते कळलंच नाही. समोर वरात, मग थांबतंय कोण? नाचलो! सगळ्यात पुढे काकाजी. काकी गेल्यापासून मी त्यांना मोकळं हसताना पाहिलं नव्हतं, आणि इथं ते दोन्ही हात वर करून घोड्यासमोर नाचत होते. मला भरून आलं, खोटं कशाला बोलू?

नवरदेवाचे वडील खूश. काकाजींना कुणीतरी फेटा बांधला. वडिलांनी हात जोडून विचारलं, "पाहुणे, तुम्ही मुलीकडचे का?"

काकाजी धापा टाकत म्हणाले, "नाही नाही... आम्ही सतरावे!"

जेवायला घालूनच सोडलं त्यांनी.

*

आणि मग तो मे महिन्यातला रविवार. सीझनचा शेवटचा दिवस. बाहेर भट्टी पेटलेली, आत दोन कूलर घरघरत होते, तरी घाम थांबत नव्हता. आमची टीम सतराव्या नंबरवर. बरोबरी झाली तर वाचणार, हरली तर अठराव्या नंबरवर घसरून खाली, आणि काकाजी पुण्याला. काकाजी त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून आले होते.

पहिल्याच हाफमध्ये गोल खाल्ला. एक-शून्य. वहिनी देवापुढे दिवा लावून आल्या. दिलीपभाऊ खुर्चीवर बसेनात. वेळ संपत आली. मी मनात काकाजींशिवायचा शनिवार डोळ्यांसमोर आणून पाहिला आणि लगेच पुसून टाकला.

शेवटच्या मिनिटाला कॉर्नर मिळाला. आमचा धिप्पाड डिफेंडर उडाला आणि डोक्यानं बॉल जाळ्यात! आम्ही किंचाळलो. पण रेफ्रीनं कानाला हात लावला. गोल नीट झाला की नाही, ते व्हिडिओ पाहून तपासणार होते. गोडाऊनमध्ये सगळे हात जोडून उभे. काकाजींनीही हात जोडले होते, डोळे घट्ट मिटून.

रेफ्रीनं मधल्या सर्कलकडे बोट दाखवलं. गोल! थोड्याच वेळात शिट्टी वाजली. वाचलो!

दिलीपभाऊंनी एक परात उचलून बडवायला सुरुवात केली. मी वहिनींना टाळी दिली. मग काकाजींकडे वळलो. ते खुर्चीत बसूनच होते. डोळ्यांत पाणी.

"काकाजी, वाचलो ना! आता कुठं जायचं नाही!"

"हाव ना," ते म्हणाले. टीव्हीकडे बघत राहिले. मग अगदी हळू आवाजात, "बॅग भरून ठेवली होती गा मी. नातीसाठी संत्रा बर्फीपण आणली. ती काही पुढच्या सीझनपर्यंत टिकत नाही."

परात थांबली. तेवढ्यात टेबलावरचा काकाजींचा फोन वाजला. स्क्रीनवर नीलेश. काकाजींचा हात काही पुढे होईना.

फोन दिलीपभाऊंनी उचलला. टीव्हीवर हजारो माणसं उड्या मारत गात होती. वहिनींनी पटकन रिमोट घेऊन आवाज बंद केला.

"हॅलो, बाबा? काय झालं मॅचचं?"

दिलीपभाऊंनी घसा खाकरला.

"हरलो गा, नीलेश. गेली टीम खाली. ये, घेऊन जा बाबाले."