दिलीपचं दुसरं रीडिंग

स्वारगेटला बसची वाट पाहत उभा होतो, तेव्हा दिलीपच्या घरून वहिनींचा फोन आला. "भाऊजी, हे गेले…" एवढंच त्या म्हणाल्या. आजार बरेच महिने चालला होता, बातमी अनपेक्षित नव्हती. तरी बस समोरून निघून गेली आणि मी तिथेच उभा राहिलो.

दिलीप आणि मी हिमनद्यांवर काम करायचो. उन्हाळा आला की पुणे सोडून हिमालयातल्या तळावर जायचं, तंबूत राहायचं, डाळभात आणि दुधाच्या पावडरीचा चहा यांवर दिवस काढायचे. बर्फात खोल रोवलेल्या काठ्या किती उघड्या पडल्या ते मोजलं, की बर्फ किती वितळला ते कळतं. दिलीपचा नियम असा, की प्रत्येक काठी दोघांनी वेगवेगळी मोजायची आणि दोघांचंही लिहून होईपर्यंत एकमेकांना आकडा सांगायचा नाही. जुळलं नाही, तर वाद बंद. दोघांनी पुन्हा मोजायचं. थंडीने बोटं बधिर झालेली असायची, मी वैतागायचो. "अरे, एवढ्याशा फरकाने काय बिघडतंय?" "काही नाही. तुझी पेन्शन कुठे जात नाही," असं म्हणून तो टेप माझ्या हातात द्यायचा. असल्या माणसाशी भांडणार तरी काय?

तपासण्यांचे रिपोर्ट आले, त्या दिवशी डॉक्टरांनी वहिनींना आणि मला बाहेर बोलावून सांगितलं, की आता काही आठवडेच आहेत. आत गेलो तर हा उशीला टेकून बसलेला. "माधवी, जरा चहा आण ना," म्हणाला. त्या गेल्यावर मला विचारलं, "काय म्हणाले?" मी छातीठोकपणे सांगितलं, "वर्षभर तरी काळजी नाही." त्या आल्यावर मला औषधं आणायला पिटाळलं. परत आलो तेव्हा वहिनी मान खाली घालून बसल्या होत्या. त्याच प्रश्नावर त्यांनी सांगितलं होतं, दोन महिन्यांत खडखडीत बरे व्हाल.

"दोन रीडिंग जुळत नाहीयेत," दिलीप हसून म्हणाला. "पुन्हा घ्या."

मग खोटं बोलवेना. वहिनींनीच त्याचा हात धरून खरं सांगितलं. तो म्हणाला, "चला, घरी जाऊ." ते आठवडे त्याने घरीच काढले, सकाळचं ऊन पायांवर घेत, आम्हा दोघांची यथेच्छ टिंगल करत. आम्ही खोट्यावर अडून बसलो असतो, तर ते दिवस हॉस्पिटलात गेले असते. आज तो नाही, आणि मला त्याची फार आठवण येते.

गेल्या रविवारी वहिनींनी मला माझ्या वाघोलीच्या घरून मुद्दाम बोलावून घेतलं. कपाटातले त्याचे बर्फात घालायचे जड बूट काढून त्यांनी वर्तमानपत्रावर ठेवले होते. "कुणाला द्यायचे की ठेवायचे? तुम्ही वेगळं लिहा, मी वेगळं लिहिते." दोघांनी कागदाचे कपटे घेतले, पाठ फिरवून लिहिलं. त्यांनी लिहिलं होतं, 'देऊन टाकू'. मला ते लिहवलं नव्हतं, माझ्या कपट्यावर 'ठेवू' होतं.

वाद कुणीच घातला नाही. वहिनींनी बूट उचलून पुन्हा कपाटात ठेवले.

"पुढच्या रविवारी या," त्या म्हणाल्या. "परत रीडिंग घेऊ."