मोडण्यासाठी केलेला पंख

ताज्या तासलेल्या लाकडाचा आणि सरसाचा वास एकत्र आला की आजही माझ्या मुठी आवळल्या जातात. सिंगापूरमध्ये, बुकित बातोकच्या एका वर्कशॉपमध्ये लिम अंकल, जन्मभर होड्या बांधलेले सुतार, शंभर वर्षांपूर्वीच्या नमुन्याबरहुकूम ग्लायडर घडवत होते, आणि ऑस्ट्रेलियातल्या एका टेकडीवरून ते उडवणार होती माझी मुलगी, सई. तपासणी माझ्याकडे होती, कारण वस्तू मोडून पाहणं हीच माझी नोकरी.

रीतही त्या जुन्या काळचीच. पंख उलटा धरायचा आणि आकाशात हवा त्याला जेवढी वर रेटेल तेवढ्या भाराची वाळूची पोती त्यावर रचायची, मोडेपर्यंत. म्हणून पंख तीन होते. दोन उडायला, एक मोडायला.

तो मोडेचना. पोती संपली, दुपारच्या दमट उजेडात लाकूड नुसतं कण्हत राहिलं, आणि सईने टाळ्या वाजवल्या. अंकल हसून त्यांच्या सिंगापुरी लकबीत म्हणाले, "टेस्टचा ना, स्पेशल बनवला लाह. आत जादा पट्ट्या."

माझ्या मस्तकात तिडीक गेली. पाहुण्याच्या ताटात तूप आणि घरच्या लेकराला कोरडी भाकरी! मी उडायच्या जोडीतला एक पंख ओढून आणला.

अर्ध्या भारालाच तो कडाडला. फासळ्या फुटून भिंतीवर आदळल्या, कापड टरकन फाटलं, वाळूचा लोट माझ्या तोंडावर आला. तरी मी दोन्ही हातांनी उरलेली पोती त्या मोडक्या सांगाड्यावर फेकतच होते.

"आई, स्टॉप. मोडलाय तो," सई ओरडली. मग हळू आवाजात म्हणाली, "तुला तो मोडायलाच हवा होता."

खरं होतं ते. त्या पंखाने तिला मरणातून वाचवलं हे जितकं खरं, तितकंच हेही, की त्याचा कणा तुटताना मला आनंद झाला होता. ती उडावी असं मला कधीच वाटलं नव्हतं, आणि अंकलवरच्या रागाआड मी ते बेमालूम लपवलं होतं.

दोन आठवडे ती माझ्याशी बोलली नाही. मग अंकलनी नव्या लाकडाच्या तीन थप्प्या लावल्या आणि रंधा हातात घेऊन विचारलं, "यातला मोडायचा कुठला?"

मी बोट उचललं. दारातून सई म्हणाली, "आई, आत्ता सांगू नकोस. आधी तिन्ही बनू देत."

मी बोट मिटून घेतलं. अंकल पहिल्या थप्पीवर रंधा फिरवू लागले.