लॅपटॉपला आलेली नोटीस

आमच्या लॅपटॉपला नोटीस आली, आणि मी ती रीतसर स्वीकारली.

लॅपटॉप पोरीचा. लग्न होऊन प्राजू कॅनडाला गेली, तेव्हा तो इथं गावी, मांडवगण फराट्यालाच ठेवून गेली, दर रविवारी सकाळी एकमेकांचं तोंड दिसावं म्हणून. दिसायचं दहा मिनिटं. उरलेले सहा दिवस, तेवीस तास, पन्नास मिनिटं मी त्या बंद लॅपटॉपकडं बघत काढायचो!

त्या रविवारी तिची वाट बघता बघता कांद्याचे भाव शोधत होतो, तर पडदा लालभडक! ‘तुमच्या संगणकात पाच व्हायरस! पाच मिनिटांत उपाय करा!’ वर भोंगा.

“अवं, गोठ्यापासनं लांब न्या ते!” आमची मंडळी ओरडली. (मागच्या साली गाईला लंपी झाला होता, तोही व्हायरसच.)

मी बारा वर्षं दूध सोसायटीचा चेअरमन. नोटीस आली की आधी स्वीकारायची, मग खुलासा द्यायचा, हा माझा शिरस्ता. पोरीचं तोंड दिसायचं बंद होईल या धास्तीनं ‘स्वीकारा’ दाबलं. एक क्लीनर उतरला. त्यानं आणखी नऊ व्हायरस दाखवून दुसरा क्लीनर बोलावला. आणखी चार बोलावून दुसऱ्यानं पहिल्यालाच व्हायरस ठरवलं! (थेट आमची वार्षिक सभा!) आठ वाजले, प्राजूची वेळ झाली, आणि लॅपटॉप जागीच थिजला.

शेवटी तिनं मोबाइलवर फोन केला.

“आप्पा, काय दाबलं?”

“नोटीस स्वीकारली, पोरी.”

“नोटीस न्हाई, जाहिरात हाय ती! वेबसाइटला आपल्या कम्प्युटरच्या पोटातलं दिसतंय व्हय? जी भीती घालती, घाई करती आन् कायतरी उतरवून घ्या म्हणती, ती खोटी. पान बंद करायचं, बास.”

“खुलासा नको?”

“आप्पा!”

मग लॅपटॉप बंद करून चालू केला, आणि ती फोनवरनं सांगेल तसा एकेक क्लीनर काढत बसलो. दोन तास! मधेच ती म्हणाली, आईसारखी शेंगोळी जमत न्हाई. मधेच तिचा आवाज भरून आला. लग्नानंतर एवढं बोलणं झालंच नव्हतं. शेवटचा क्लीनर निघाला तेव्हा मला अगदी वाईट वाटलं.

पुढच्या रविवारी दहाव्या मिनिटाला ती “ठेवू का?” म्हणाली.

“थांब! लाल पाटी आलीया गं! लगेच बघाय लागंल!”

“वाचून दाखवा.”

मी मागचीच पाटी पाठ म्हणून दाखवली.

“भीती घालायची, घाई करायची... आप्पा, खोटी कशी वळखायची, मीच सांगितलं हुतं न्हवं?” ती हसत होती, डोळे पुसत होती.

बारा वर्षं चेअरमन राहून शेवटी मी व्हायरसची खोटी पाटी झालो! तिनं ओळखलं, पण पान बंद केलं नाही.