पंपवाल्या सिस्टर

आमच्या हिच्या रक्तात जंतू भिनले आणि तिला अतिदक्षता विभागात हलवलं. घशात नळी, श्वास मशीनचा. अशा जागी लोक देवाचं नाव घेतात, मी प्रश्न विचारत बसलो; खोडच तशी. उत्तरं द्यायला भेटल्या पंपवाल्या सिस्टर. हे नाव मीच ठेवलेलं. खाटेपाशी एकावर एक पंप, प्रत्येकात औषधाची सिरिंज, मुंगीच्या पावलानं सरकणारी.

"ही कसली हो?"

"रक्तदाब धरून ठेवायची. नॉरअ‍ॅड्रिनॅलिन."

"नाव ऐकूनच वाढेल की!"

"तुमचा वाढवू नका, आजोबा. खाट रिकामी नाही."

बाई तिखट, पण हात हलका. सिरिंज संपत आली की जुनी चालू असतानाच शेजारच्या पंपावर नवी सुरू करायच्या. दाब स्थिर दिसला की मगच जुनी काढायच्या. क्षणभर खंड पडला तरी दाब धाडकन कोसळतो म्हणे. मी थक्क!

त्यांचे वडील ट्रक चालवायचे. घरात औषध म्हणजे डोकेदुखीची गोळी, बस्स. आता मुलगा झोपला की या उभ्या राहून त्याचे श्वास मोजतात आणि नवरा ओरडतो, "ड्यूटी संपली, जेवायला ये!"

एका सकाळी त्या म्हणाल्या, "झोपेचं औषध थांबवलंय. आजी जाग्या झाल्या, सांगितलेलं कळलं आणि स्वतः श्वास घेता आला, तर डॉक्टर नळी काढतील. नाहीतर गळ्याला छेद देऊन नळी बसवावी लागेल."

मी खाटेच्या आणखी जवळ सरकलो.

हिनं डोळे उघडले. सिस्टर वाकून म्हणाल्या, "आजी, हात दाबा!" ढिम्म. "जीभ दाखवा!" छे. नुसती माझ्याकडे टकामका बघत राहिली. मला गलबलून आलं, तोंडातून निघून गेलं, "झोप गं, झोप. दमलीस."

तिनं डोळे मिटले.

"अहो आजोबा! मी उठवतेय आणि तुम्ही अंगाई गाताय?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण सिस्टर एकदम थबकल्या. "थांबा. आता उघडायला सांगा बरं."

"अगं, डोळे उघड."

उघडले!

"हात दाबायला सांगा."

मी तिच्या हातात हात देऊन सांगितलं. असा दाबला की माझी बोटं कळवळली.

"डॉक्टर, यांना सगळं कळतंय! फक्त नवऱ्याचंच ऐकतात."

"हे कधीपासून?" मी म्हटलं. "लग्नापासून तर नाही!"

डॉक्टरांनी स्वतः खात्री केली. मशीनचा आधार कमी करून तिचा श्वास पाहिला आणि दुपारी नळी निघाली. ही खोकली, ओठांवरून जीभ फिरवली.

"पाणी देऊ?" मी विचारलं.

"अजून नाही. आधी नीट गिळता येतंय का ते तपासायचं."

"ते कसं तपासतात हो?"

तेवढ्यात खाटेवरून घोगरा आवाज आला, "अहो, त्यांना कामं करू द्या!"